घरचा नंबर

माझी पिशवी काढणार आहेत ही बातमी मला आमच्या अंगणवाडीच्या दारात कळली. मी पोरांना खिचडी वाढत होते. शेजारची एक बाई नातवाला न्यायला आली, तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, "गुरुवारी पिशवी काढून राह्यले म्हणं तुझी? बरं केलं बाई. एकदाची कटकट जाती."

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडच्या बायका त्याला दुसरा शब्द वापरत नाहीत. लेकरं झाली, मोठी झाली, की पिशवी म्हणजे नुसती जागा अडवून बसलेली वस्तू असं सगळ्यांनी धरलेलं असतं. काढून आलेली बाई आठ दिवस पडून राहते, मग चुलीपुढे आणि दोन महिन्यांत शेतात. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही.

मी तिला विचारलं, तुला कुणी सांगितलं. तिच्या मालकाला पारावर कळलं होतं. म्हणजे माझ्या पोटात काय आहे, ते ठेवायचं की काढायचं आणि कोणत्या वारी, हे आधी पाराला कळलं, मग तिच्या मालकाला, मग तिला, आणि सगळ्यात शेवटी मला. मी पळी पातेल्यात ठेवली आणि मदतनीस बाईला म्हणाले, तू वाढ.

मागचं थोडं सांगते. चार-पाच महिने माझ्या अंगावरून फार जात होतं. आष्टीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फरक पडला नाही, म्हणून आमचे हे मला जालन्याला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे आधी फॉर्म. काउंटरवरच्या मुलीने मोबाईल नंबर विचारला तेव्हा हे बाहेर चहाला गेले होते. माझ्या तोंडून एका दमात दहा आकडे बाहेर पडले. ते आकडे माझ्या भायांचे होते. भाया म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.

हे मी आधीच कबूल करून टाकते. माझ्या हातून कुणी काही हिसकावून घेतलं नव्हतं, नंबर मीच दिला होता. आमच्या घरात नंबर एकच. गॅसला तो, रेशनला तो, विजेच्या बिलाला तो, पोरांच्या शाळेला तो, पीकविम्याला तो. सासरे गेल्यापासून भाया घरचे कर्ते, आणि कर्त्याचा नंबर तो घरचा नंबर. घरात पहिला मोबाईल आला तेव्हा भायांनी सगळ्यांना ओसरीवर बसवून तो पाठ करून घेतला होता, कुठे अडलं-नडलं तर कामाला यावा म्हणून. पोरं पाढे म्हणतात तसा मी तो नंबर झोपेतही म्हणेन. माझा स्वतःचा नंबर मात्र मला पाठ नव्हता. स्वतःला कोण फोन करतं?

आणि ही मी कोण, तर अंगणवाडी सेविका. दिवसभर माझ्या हातात सरकारी मोबाईल असतो. गरोदर बाईचं नाव चढवा, बाळाचं वजन चढवा, फोटो काढा, बाईच्या फोनवर ओटीपी येतो तो विचारून टाका. नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. गावात ओटीपी म्हटलं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. बायकांना मीच सांगते, ओटीपी कुणाला देऊ नका, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी देऊ नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की रिपोर्ट आणि सल्ला दवाखान्याच्या ॲपवर तुमच्या खात्यावर येईल. मोबाईलवर उघडून वाचा, घरी विचार करा आणि काय ठरलं ते तिथेच कळवा. मी मान हलवली. ते खातं कुणाच्या मोबाईलवर उघडणार, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. हे म्हणाले, आता गाडी चुकेल, चल. आम्ही निघालो.

तर त्या दिवशी अंगणवाडी बंद करून मी तडक घरी गेले आणि आधी जाऊबाईंना गाठलं. त्या शेंगा फोडत होत्या. त्यांना वाटलं होतं मला माहीत आहे. भायांच्या फोनवर दवाखान्याचा निरोप आला, भाया आणि आमचे हे ओट्यावर बसून बोलले, आणि कापूस वेचणीला लागायच्या आधी उरकून घेऊ असं ठरलं. गुरुवार मोकळा होता. भायांनी बटण दाबलं.

जाऊबाईंची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. आता त्या पन्नाशीला आल्या आहेत. तेव्हापासून त्यांच्या अंगातून एकदम वाफा निघतात, कंबर धरते, आणि गुडघ्यांमुळे त्या जमिनीवर बसत नाहीत, स्टुलावर बसूनच सगळं करतात. या सगळ्याचा त्या ऑपरेशनशी काही संबंध आहे का, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही, आणि त्यांना कुणी सांगितलं नाही. शेंगा फोडता फोडता त्या म्हणाल्या, "मला तर गाडीत बसल्यावर कळलं, कशाला चाललो ते."

एवढंच बोलल्या आणि टरफलं सुपात गोळा करायला लागल्या. मी तिथून उठले ती भायांकडे.

भाया अंगणात फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करत होते. मी म्हटलं, दादा, दवाखान्याचा रिपोर्ट मला बघायचा आहे. ते म्हणाले, इंग्रजीत आहे, तुला काय कळणार. मी म्हटलं, निदान त्यात काय लिहिलंय ते तरी सांगा. "गाठ हाय म्हणं," एवढं त्यांनी सांगितलं, आणि पुन्हा नोझलमध्ये तार घातली. मी तिथेच उभी राहिले तेव्हा वर बघून समजुतीच्या आवाजात म्हणाले, "तू कशाला डोक्याला ताप करून घेती? मी हाये ना."

माणूस वाईट नाही. हीच तर अडचण होती. वाईट असते तर मी पहिल्याच वर्षी भांडून मोकळी झाले असते. माझ्या लेकीच्या कॉलेजसाठी त्यांनीच धावपळ केली, माझ्या नोकरीला घरातून विरोध झाला तेव्हा तेच मधे पडले. पण चांगुलपणाने हाकलं तरी उंटावरून शेळ्या हाकणंच ते. पोटात दुखतं शेळीच्या, आणि रस्ता उंटावरच्याला दिसतो. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, दादानं बराबर बघितलं असंल. चोवीस वर्षांच्या संसारात मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याचा आवाजही येत नाही. त्या दिवशी मात्र आला.

सोमवारी मी रजा टाकली आणि घरात कामाचं निमित्त सांगून निघाले. आष्टीहून परतूर, परतूरहून जालना, बायकांच्या अर्ध्या तिकिटात. सोबत आधार कार्ड, भाकरी-ठेचा आणि माझा स्वतःचा फोन. बसमध्ये मी स्वतःचा नंबर पाठ केला. बाजूच्या बाईला वाटलं मी जप करते आहे.

दवाखान्यात काउंटरवर तीच मुलगी होती. मी म्हटलं, माझ्या खात्यावरचा नंबर बदलायचा आहे. ती म्हणाली, जुन्या नंबरवर ओटीपी येईल तो सांगा. मी म्हटलं, तो फोन माझ्याकडे नाही. मग घरून विचारून घ्या ना मावशी, ती म्हणाली. मला मावशी म्हटल्याचाही राग आला होता, पण तो मी बाजूला ठेवला. घरून विचारायचं असतं तर एवढ्या लांब आले नसते, असं मी तिला स्वच्छ सांगितलं. तिने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. मग आधार कार्ड घेतलं, फोटो पडताळला, एक कागद सहीला दिला आणि सहज विचारलं, सोबत कोणी नाही का. "मी हाये ना," मी म्हटलं.

नंबर बदलला. पुढचं सगळं तिने मला दोनदा समजावून सांगितलं आणि पाण्याच्या मशीनजवळच्या बाकावर बसून करायला सांगितलं. आधी पासवर्ड, मग दुसरी पायरी, मग बोटाचा ठसा, मग दहा राखीव आकडे, मग सुरक्षा प्रश्न. एका दाराला एवढी कुलपं बघून माझ्या शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, बँकेतही एवढं नसतं. मी म्हटलं, बँकेत पैसेच असतात, बाबा.

पासवर्ड म्हणताच माझ्या बोटांनी आपोआप कुलदैवताचं नाव टाकलं आणि पुढे एक-दोन-तीन. हा आमचा घरचा पासवर्ड. घरच्या नंबरासारखाच, सगळ्यांचा सगळीकडे एकच. फोनने तांबड्या अक्षरात सांगितलं की हा पासवर्ड कमजोर आहे. देवाचं नाव कमजोर म्हटल्यावर भायांना काय वाटलं असतं या विचाराने मला हसू आलं. मग लेकरांच्या जन्मतारखा टाकल्या आणि खोडल्या, त्या सगळ्या भावकीला पाठ आहेत. मग मी थांबले आणि विचार केला, या जगात मला एकटीला माहीत आहे असं काय आहे. आठवायला बराच वेळ लागला. आठवलं ते टाकलं. काय ते सांगणार नाही.

दुसऱ्या पायरीला विचारलं, आकडा मेसेजने पाठवू की वेगळ्या ॲपमधून घ्याल. मेसेज नको म्हटलं. आमच्या घरी सगळे फोन चार्जरच्या बोर्डाखालच्या फळीवर उताणे पडलेले असतात. येता-जाता ज्याला दिसेल तो मेसेज वाचतो आणि मोठ्याने सांगतोही. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. मी ॲप घेतलं, त्याला वेगळा आकडा लावला. मग बोटाचा ठसा. उजवा अंगठा फोनने घेतलाच नाही. विळ्याने दोनदा कापलेला, वर वर्षानुवर्षं भांड्यांची राख. आणि तसंही अंगठा मला नकोच होता. आमच्या गावात एकाने बायको दुपारची झोपलेली असताना तिचा अंगठा लावून फोन उघडला होता. मी दुसरं बोट लावलं. कोणतं ते सांगणार नाही.

फोन हरवला तर लागणारे ते राखीव आकडे मी लसीकरणाच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर लिहून घेतले. खाली सूचना होती की हा कागद सुरक्षित ठिकाणी ठेवा. सूचना लिहिणाऱ्याने एकत्र कुटुंब बघितलेलं नसणार. माझं कपाट जाऊबाई उघडतात, पिठाचा डबा मी नसले की कुणीही, ट्रंकेची किल्ली खुंटीला. शेवटी मी तो कागद पाळीच्या कपड्यांच्या डब्यात ठेवला. त्या डब्याला आमच्या घरातला पुरुष हात लावत नाही, लांबून जातो. आयुष्यभर त्या विटाळाने मला बाजूला बसवलं, एकदा तरी तो माझ्या कामाला आला. आता जागा बदलली आहे म्हणून सांगते.

राहिला प्रश्न. फोन विसरला, पासवर्ड विसरला तर खातं उघडायला एक प्रश्न निवडायचा आणि त्याचं उत्तर देऊन ठेवायचं. तुमची पहिली शाळा कोणती. अख्ख्या गावाला माहीत. आईचं माहेर कोणतं. तेही माहीत, तिथले लोक आमच्याकडे बैल घ्यायला येतात. आवडता पदार्थ. हे खरं तर कुणालाच माहीत नव्हतं, पण मलाही एकदम सांगता येईना. चौथा प्रश्न होता, तुमचं बालपणीचं नाव काय.

लग्नाच्या दिवशी सासरी ताटात तांदूळ पसरले होते. ह्यांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. अक्षर पत्रिकेवरून काढलं होतं, नाव भायांनी सुचवलं होतं, आणि सगळ्यांनी छान आहे म्हटलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते. मलाही ते छानच वाटलं. संध्याकाळपर्यंत त्या नावाने हाका सुरू झाल्या आणि मी दोन-तीनदा मागे वळून बघितलं, कुणाला बोलावतात म्हणून. पुढे आधार कार्डावर तेच आलं, नोकरीत तेच. जुनं नाव माझ्या आईच्या तोंडात तेवढं राहिलं. ती फोनवर त्याच नावाने हाक मारायची, आणि मी स्वयंपाकघरातून उठून मागच्या दारी जाऊन बोलायचे. तीन वर्षांपूर्वी आई गेली. भाऊ मला आक्का म्हणतात. आता ते नाव फक्त माझ्या दहावीच्या सनदेवर आणि कुठे असलीच तर लग्नपत्रिकेवर.

मी तो प्रश्न निवडला आणि उत्तरात माझं नाव लिहिलं. लिहिताना अक्षरं ओळखीची वाटेनात, इतकी वर्षं झाली होती.

मग खातं उघडलं. तीन पानांचा रिपोर्ट. इंग्रजी मला अडतं, पण फोन मराठी करून देतो. दोन सेंटीमीटरची साधी गाठ. त्याखाली डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा लिहिल्या होत्या. एक, गोळ्या घेऊन सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. दोन, शस्त्रक्रिया. घाई नाही, रुग्णाने विचार करून कळवावं. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती. रुग्णाचा निर्णय: शस्त्रक्रिया, गुरुवार.

रुग्णाचा निर्णय. ती ओळ मी चार वेळा वाचली. रुग्ण त्या दिवशी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होता. माझ्या नावावर, माझ्या पोटाबद्दल, माझा निर्णय म्हणून कुणीतरी बटण दाबलं होतं, आणि मी जिवंत असताना, दोन कान आणि एक तोंड असताना, मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला रडू आलं नाही. मी रद्द या शब्दावर बोट ठेवलं. फोनने विचारलं, नक्की का. नक्की.

त्याच दुपारी नंबर लावून डॉक्टरीणबाईंना भेटले. त्यांनी खात्यावर बघितलं आणि म्हणाल्या, अहो, मला तर ऑपरेशन असं उत्तर आलं होतं. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मला वाटतं ते त्यांना सांगितलं. गोळ्यांनी थांबलं नाही, गाठ वाढली, तर काढावी लागेल, हे त्यांनी सांगितलं आणि मला ते पटलं. काढायला माझा विरोध नव्हता कधीच. वेळ आली तर काढू, पण वेळ आली की नाही हे मी बघेन.

घरी येऊन मी कुणाला काही बोलले नाही. फक्त जाऊबाईंना सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या.

बुधवारी दिवस मावळताना मी भाकरी करत होते. भाया ओट्यावर फोन घेऊन बसले, गुरुवारी किती तास उपाशी राहायचं ते बघायला. त्यांच्या फोनवर खातं बंद झालेलं होतं. त्यांनी माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून नाव, जन्मतारीख सगळं भरलं आणि प्रश्नापर्यंत पोचले. हे मला माझ्या फोनने सांगितलं. तव्याशेजारी ठेवलेला फोन वाजला, तुमच्या खात्यात प्रवेशाचा प्रयत्न झाला, उत्तर चुकलं. ओट्यावरून आवाज आला, बालपणीचं म्हणजे, तिचं नाव तर हेच हाये की. मी भाकरी उलटली. फोन दुसऱ्यांदा वाजला. मग बाहेर बराच वेळ कुजबुज. मग तिसऱ्यांदा वाजला, आणि त्याखाली लिहून आलं की अजून एकदा चुकलं तर चोवीस तास खातं कुणालाही उघडता येणार नाही.

आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात आले. थोडे घुटमळले.

"तुझं आधीचं नाव काय होतं गं?"

चोवीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस मला माझं नाव विचारत होता. मला खरंच वाटलं होतं की ह्यांना तरी आठवत असेल. ह्यांच्या तीन चुकांमधली एक तरी जवळपास गेली असेल. काळजाला कुठेतरी लागलं ते, खोटं कशाला बोलू.

"कशाला पायजे?" मी विचारलं.

"दादा खातं उघडून राह्यले. उद्या किती वाजता जायचं ते बघायचंय."

"उद्या कुठं जायचं न्हाई. सोमवारी मी जालन्याला गेल्ते. ते रद्द करून आले. गोळ्या चालू केल्या."

तेवढ्यात भाया उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. भावजय स्वयंपाकघरात असताना ते आत येत नाहीत, कधी आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "घरात नंबर एकच असतो. ज्याचा त्याचा येगळा नंबर झाला, मंग घर ऱ्हातं का?"

माझ्या डोक्यावरचा पदर घसरला होता. हात पिठाचे होते. मी तो तसाच राहू दिला आणि सरळ त्यांच्याकडे बघून बोलले.

"गॅसला तुमचा नंबर ऱ्हाऊ द्या दादा. रेशनला ऱ्हाऊ द्या, पीकविम्याला ऱ्हाऊ द्या. पोट माझं हाये. त्याला माझा नंबर."

तव्यावरची भाकरी करपली. मग जाऊबाई आल्या, स्टूल पायाने बाजूला सारलं, भिंतीला धरून हळूहळू माझ्याशेजारी खाली बसल्या आणि परातीतला पुढचा गोळा थापायला घेतला. त्यांना जमिनीवर बसलेलं मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. भाया वळून गेले. पंधरा-वीस दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवले मात्र रोज.

गुरुवारी मी अंगणवाडीत होते. मोठ्या जोमाने गरोदर बायकांचं रजिस्टर उघडलं आणि माझा सगळा जोम उतरला. मोबाईल नंबराच्या रकान्यात एकच नंबर तीन-तीनदा, चार-चारदा. सासऱ्याचा, दिराचा, नवऱ्याचा. सगळं माझ्याच अक्षरात. बायकांना मी विचारलं होतं, घरचा नंबर सांगा, आणि त्यांनी सांगितला होता. कुणाचं रक्त कमी, कुणाचं मूल आडवं, कुणाला आधीचं पडलेलं, सगळे निरोप माझ्या हाताने मी ओट्यावर आणि पारावर पाठवत होते. भायांनी एकाच बाईचं केलं, मी अख्ख्या गावाचं केलं होतं.

त्या दिवसापासून मी घरोघर फिरले. सात महिन्यांची गरोदर एक सून नंबर विचारल्याबरोबर दहा आकडे घडाघडा बोलली. मी विचारलं, हा कुणाचा. घरचा, ती म्हणाली. मी म्हटलं, तुझा सांग. तिने फोन आणला, तिलाही पाठ नव्हता. तिच्या फोनवरून माझ्या फोनला मिस कॉल दिला, नंबर उतरवून घेतला, आणि दारातच उभं राहून तिच्याकडून पाच वेळा म्हणून घेतला. ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांच्या रकान्यात मी घरचा नंबर खोडून जागा रिकामी ठेवली, निरोप मी स्वतः नेऊन देईन म्हणून. सेविका सुनांना बिघडवून राह्यली, अशी गावात बोलवा झाली. एका सासूने मला तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, बिघडू द्या, तुमचाही नंबर सांगा.

सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. गाठ होती तेवढीच आहे, अंगावरून जायचं थांबलं आहे. रिपोर्ट आला तेव्हा तो आधी मी वाचला. मग ह्यांना सांगितला. पाराला अजून माहीत नाही.

पाडव्याच्या आधी आम्ही घर झाडायला काढलं होतं. हे माळ्यावरची पत्र्याची पेटी झाडत होते. मी अंगणात गोधड्या वाळत घालत होते. हे बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पिवळी पडलेली लग्नपत्रिका होती, कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेली, एका बाजूने उंदराने कुरतडलेली. त्यांनी त्यावरचं माझं नाव वाचलं, अनोळखी माणसाचं वाचावं तसं. मग माझ्याकडे बघून तेच नाव पुन्हा घेतलं, हाक मारल्यासारखं. आई गेल्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी ते नाव मोठ्याने घेतलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

"सापडलं," हे हसत म्हणाले. "आता मलाबी तुझं खातं उघडता येतं."

मी पदराला हात पुसले, फोन घेतला आणि ह्यांच्या समोर उभं राहूनच तो प्रश्न बदलला. हे बघत राहिले. पत्रिका मी मागून घेतली, ती माझ्याकडे आहे. आता हे कधीमधी मला त्या नावाने हाक मारतात आणि मी ओ देते. खातं मात्र त्या नावाने उघडत नाही.